अंधेरीच्या मॅग्नेटबाई

फिजिक्सच्या त्या खोलीच्या दाराशी एक वेताची टोपली ठेवलेली असायची. आत जायचं तर अंगावरचं लोखंड त्या टोपलीत टाकून जायचं, असा बाईंचा दंडक होता. किल्ल्या, चाकू, टाचण्या, छत्री, सायकलच्या क्लिपा, सगळं. बुटाच्या टाचेला खिळे असले तर बूटही बाहेर. एकदा युनिव्हर्सिटीकडून तपासणीला आलेल्या गृहस्थांना त्यांनी कमरेचा पट्टा काढायला लावला, कारण त्याचं बक्कल लोखंडी होतं. ते गृहस्थ एका हातानं पॅन्ट सावरत आणि दुसऱ्या हातानं शेरे लिहीत खोलीभर फिरले. शेरे काही चांगले नव्हते. आमचा शिपाई मालवणकडचा. त्यानं पहिल्याच दिवशी दारात थबकून विचारलं होतं, "बाई, माज्या कमरेचो करगोटो चांदीचो आसा. तो पण काढू काय?"

"चांदीला मॅग्नेट विचारत नाही. राहू दे," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

पोरांनी त्यांचं नाव 'मॅग्नेटबाई' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. अंधेरी स्टेशनाच्या पश्चिमेला तेव्हा थोडी घरं होती, आणि मग वर्सोव्याच्या दिशेनं नुसती शेतं आणि खाजण. त्या रस्त्यावर आमचं कॉलेज नव्यानं उभं राहिलं होतं. मी तिथे केमिस्ट्री शिकवायचो. बाई फिजिक्सच्या. विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आलेल्या, चाळिशीच्या आतबाहेर, एकट्या राहणाऱ्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, आणि आवाज असा की व्हरांड्याच्या या टोकाला त्या बोलल्या तर त्या टोकाचा संस्कृतचा वर्ग थांबायचा. केसांत आकडा नाही, पदराला पिन नाही. अंबाड्यात शिंगाचा एक कंगवा खुपसलेला आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "अहो केमिस्ट!" एवढंच.

कॉलेजात संशोधन करायचं असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हतं. वर्गावर जायचं, प्रॅक्टिकलं घ्यायची, पेपर तपासायचे. बाई मात्र आल्या वर्षीच प्रिन्सिपॉलांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मला मॅग्नेट पाहिजे."

"कपाटात दोन आहेत की," प्रिन्सिपॉल म्हणाले.

"ते पोरांच्या खेळण्यातले. मला एवढा पाहिजे." आणि त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं.

मॅग्नेट मिळाला नाही. मग त्यांनी तो केला. लढाई संपल्यानंतर लष्करानं मोडीत काढलेल्या डिस्पोजलच्या मालात काय वाटेल ते विकायला निघायचं. तिथून त्यांनी तांब्याची तार आणली, साकीनाक्याच्या एका वर्कशॉपातून लोखंडाचे दोन जाडजूड ठोकळे कातून घेतले, आणि सबंध मे महिना पत्र्याच्या शेडमध्ये बसून स्वतःच्या हातानं ती तार त्या ठोकळ्यांवर गुंडाळली. सुट्टीत मी एकदा तिकडे गेलो, तर त्या घामानं निथळत तार गुंडाळायच्या चक्राचा दांडा फिरवत होत्या. मी म्हटलं, "बाई, असले मॅग्नेट विलायतेहून मागवतात म्हणतात."

"कोण म्हणतं? बोलवा त्याला."

हे त्यांचं पालुपद. 'असं म्हणतात' हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. आमच्या एका सहकाऱ्यानं सहज सांगितलं की लोहचुंबक बुडवलेलं पाणी प्यालं की सांधे धरायचे राहतात, त्याच्या सासऱ्यांना गुण आलाय म्हणे. झालं. बाई दोन बाटल्या घेऊन त्या सासऱ्यांच्या घरी पार्ल्याला गेल्या. एक बाटली चुंबकाची, एक साध्या नळाची, कुठली कोणती ते फक्त त्यांना ठाऊक. पंधरवड्यानं आजोबा म्हणाले, लाल बुचाच्या बाटलीनं गुडघा चांगलाच मोकळा झाला. लाल बुचाचं पाणी नळाचं होतं. बाईंनी ते त्यांना तोंडावर सांगितलं. सहकारी पुढे सबंध टर्म त्यांच्याशी बोलला नाही.

"अहो, म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं?" मी म्हटलं.

"मग काय, त्यांनी जन्मभर चुंबक भिजवत बसायचं?" त्या म्हणाल्या. "आणि गुडघा मोकळा झालाच ना त्यांचा? मी कुठे तो परत घेतला?"

प्रयोगाला बर्फ लागायचा तो वर्सोव्याच्या बोटींसाठी बर्फ ठेवायचे तिथून यायचा, म्हणून आमच्या फिजिक्सच्या लॅबला कायम मासळीचा वास. द्रव हवेसाठी, म्हणजे थंड करून पाण्यासारख्या केलेल्या हवेसाठी, त्या स्वतः एका गॅसच्या कारखान्यात जायच्या आणि पोटाशी थर्मास धरून टांग्यानं परत यायच्या. एका गॅदरिंगच्या दिवशी पोरांच्या आईबापांसमोर त्यांनी त्या थर्मासमधलं काहीतरी आपल्या मॅग्नेटच्या दोन टोकांमध्ये ओतलं. निळसर पाण्यासारखा तो द्रव खाली सांडायच्या ऐवजी मॅग्नेटच्या फटीत चिकटून लोंबत राहिला. द्रव झालेला ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण डोळ्यांनी पाहिल्यावर माझ्याही अंगावर काटा आला. पुढच्या रांगेतली एक बाई हात जोडायला लागली, तशी आमच्या बाई ओरडल्या, "नमस्कार नका करू! जवळ येऊन बघा!"

आता मुख्य गोष्ट सांगतो. त्यासाठी थोडं शास्त्र सांगावं लागेल, पण थोडंच.

काही धातू आणि त्यांची संयुगं भयंकर थंड केली, इतकी की द्रव हवासुद्धा त्यापुढे ऊन वाटावी, तर त्यांच्यातून वीज विनासायास जाते. काही म्हणजे काही अडथळा उरत नाही. अशा पदार्थाला सुपरकंडक्टर म्हणतात. त्याची आणखी एक खूण असते. तो आपल्या पोटातलं चुंबकत्व बाहेर हाकलून देतो. म्हणजे परीक्षा दोन, एक विजेची, एक चुंबकाची. एवढी थंडी आणायला हीलियम नावाचा वायू द्रव करावा लागतो, आणि त्याचं यंत्र तेव्हा मुंबईत कुणाकडे नव्हतं.

बाईंनी विलायतेत डॉक्टरेटसाठी बिस्मथ आणि आणखी एका धातूचं एक संयुग तयार केलं होतं. ते थंड केल्यावर सुपरकंडक्टर झालं. त्यांच्या गुरूंचं आणि त्यांचं नाव घालून तिकडच्या मोठ्या मासिकात ते छापून आलं. जगातल्या त्या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात त्या संयुगाचं नाव गेलं. बाईंची जगात जी काही ओळख होती ती त्या एका शोधाची.

आणि त्याच जोरावर मुलुंडच्या बाजूला उभ्या राहत असलेल्या एका नव्या संशोधनसंस्थेनं त्यांना बोलावलं होतं. कुणा गिरणीमालकानं त्या संस्थेला जमीन आणि पैसा दिला होता. हीलियमचं यंत्र परदेशातून यायचं होतं, आणि ते ज्या विभागात बसणार त्याच्या प्रमुख म्हणून बाई जाणार, असं ठरलं होतं. संस्थेचे संचालक स्वतः मोटारीनं अंधेरीला येऊन गेले. टोपलीत आपण होऊन किल्ल्या आणि चाकू टाकले, मॅग्नेटभोवती फिरून कौतुक केलं. ते गेल्यावर बाई खोलीत एकट्याच गात होत्या. गळा अगदीच बेताचा. पण मी त्यांना गाताना ऐकलं ते तेवढंच.

त्या आनंदातच हे घडलं. त्या संयुगाची बोटभर लांबीची एक कांडी बाईंनी विलायतेहून येताना आणली होती आणि टेबलावर ठेवली होती. बिस्मथला चुंबक दूर ढकलतो. ते पोरांना दाखवायला एक तुकडा हवा, म्हणून त्यांनी ती कांडी मधोमध करवतीनं कापली. कापलेली बाजू त्यांना एकसारखी दिसेना. घासली, गुळगुळीत केली, ॲसिडनं धुतली आणि बॉटनीवाल्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कणाकणांच्या मधून बारीक धाग्यांचं जाळं गेलेलं दिसलं. ते धागे दुसऱ्याच कशाचे तरी होते.

त्या माझ्याकडे आल्या ते तुकडा मुठीत धरूनच. "अहो केमिस्ट, यात काय काय आहे ते बघा."

"तुम्हांला काय वाटतंय?"

"मला वाटतंय ते सांगितलं, तर तुम्हांला तेच सापडेल. बघा म्हणते ना."

मी बघितलं. बिस्मथ बाजूला काढला, दुसरा धातू बाजूला काढला, आणि उरलेल्या द्रावात क्रोमेटचे थेंब टाकले. नळीच्या तळाशी पिवळाधमक गाळ बसला. केमिस्ट्रीचा पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल. शिसं.

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी नळी हातात घेतली. मग म्हणाल्या, "बिस्मथ खाणीतून निघतो तेव्हाच त्यात शिसं असतं. बाटलीवर 'शुद्ध' लिहिलं होतं. मी विश्वास ठेवला."

"म्हणून काय झालं? थोडंसंच तर आहे."

"थोडंसंच पुरतं. शिसं स्वतःच सुपरकंडक्टर आहे. गावातले सगळे रस्ते बंद असले आणि एक बोळ मोकळा असला, तर माणूस पलीकडे पोचतो की नाही? तशी वीज त्या धाग्यांतून पोचली आणि आम्ही म्हटलं, सगळं गाव मोकळं आहे. शिशात जरा बिस्मथ मिसळला, की ते नुसत्या शिशापेक्षा थोड्या कमी थंडीतच सुपरकंडक्टर होतं. थंडीचा आकडा शिशाशी जुळत नव्हता, म्हणून कुणाला शिशाची शंका आली नाही." त्यांनी नळी उजेडाकडे धरली. "आणि चुंबकाची परीक्षा आम्ही घेतलीच नव्हती. दुसरीकडे कुणीतरी हेच करतंय असं कळलं होतं. घाई होती."

मला त्यांचं वाईट वाटलं, म्हणून मी एक पळवाट काढून दिली. त्यांच्या मॅग्नेटला वीज देणाऱ्या बॅटऱ्यांत शिशाचे पत्रे होते. सगळी लॅब त्यांनी भरलेली. "हे शिसं आपल्या बॅटऱ्यांमधलं नसेल कशावरून? करवतीला लागलं असेल."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, सुटकेचा आनंद. पण तो आनंद निराळा होता. "वा! हे मला सुचलं नव्हतं. चला, दुसरीकडे करू या. नवी करवत, नव्या नळ्या. तुमचं घर चालेल?"

म्हणून ती तपासणी पुन्हा आमच्या घरच्या व्हरांड्यात झाली. कांडीच्या गाभ्यातला तुकडा नव्या करवतीनं काढला, नव्या काचेच्या भांड्यात विरघळवला. आमची ही दारातून बघत होती. "माझ्या घरातलं एक भांडं वापरलंत तर बघा हं," तिनं बजावलं होतं. गाळ बसला. पिवळा तो पिवळाच.

"हा रंग चांगला की वाईट?" हिनं विचारलं.

"खरा," बाई म्हणाल्या, आणि तिनं पुढे केलेला चहा एका दमात प्यायल्या.

त्यांनी शिसं पार काढून टाकलेल्या बिस्मथपासून तेच संयुग नव्यानं तयार केलं. त्या शुद्धीकरणात मीही होतो, आमची पूर्ण टर्म त्यात गेली. पण ते थंड करून बघायला हीलियम हवं, आणि हीलियमचं यंत्र ज्या संस्थेत येणार होतं, तिथे बाई याच शोधाच्या जोरावर जाणार होत्या. त्यांनी संचालकांना सरळ सगळं सांगितलं. संचालक पुन्हा अंधेरीला आले. मी तेव्हा खोलीतच होतो. बाईंनी मला मुद्दाम थांबवून घेतलं होतं.

संचालक हुशार आणि सभ्य माणूस. आवाज न चढवता बोलायचे. "बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण आज तुमच्याकडे सिद्ध करायला साधन नाही. आधी आमच्याकडे या. यंत्र येऊ दे. स्वतःच्या हातानं तपासा. मग शांतपणे जाहीर करा. दोन वर्षांनी काय बिघडतंय?"

"आणि तोवर मी त्या खुर्चीवर कशाच्या जोरावर बसायचं?"

"तुमच्या योग्यतेच्या."

"माझी योग्यता तुम्ही या कांडीवरनं ठरवलीत. म्हणजे खोट्या तिकिटावर थेटरात शिरायचं, खेळ सगळा बघायचा, आणि बाहेर पडताना सांगायचं की तिकीट खोटं होतं?"

"विश्वस्तांना मी काय सांगू? ज्या शोधासाठी बाईंना घेतलं तो शोधच नाही?"

"तेच सांगा. वाक्य चांगलं आहे."

संचालक उठले. टोपलीतून किल्ल्या घेताना ते मला म्हणाले, "तुम्ही समजवा त्यांना." मी समजावलंही. मला खरंच संचालकांचं पटलं होतं. ज्या यंत्रासाठी ही बाई जीव टाकत होती, ते हाताशी आलं होतं. थोडं गप्प राहिलं की झालं. मी तसं बोललो तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं, "केमिस्ट, तो गाळ पिवळा होता की नाही?" मी म्हटलं, होता. "मग?" त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

घरी मी हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "तुम्ही त्यांना समजवायला गेलात? जरा तरी लाज?"

त्या हिवाळ्यात बाईंचे विलायतेतले गुरू हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. मुलुंडच्या त्या संस्थेच्या नव्या सभागृहात त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. भिंतींचा चुना अजून ओला वाटत होता. विश्वस्त, कॉलेजांचे प्राध्यापक, आमचे प्रिन्सिपॉल, सगळे आले होते. बाई तिसऱ्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. गुरू म्हणजे उंच, वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे साहेब. त्यांनी पडद्यावर सुपरकंडक्टरांची यादी दाखवली, खालच्या एका ओळीवर काठी टेकवली आणि म्हणाले, "आणि हा शोध माझ्या ज्या विद्यार्थिनीनं लावला, ती आज याच सभागृहात आहे. तुमच्याच गावची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालकांनी बाईंना उभं राहायची खूण केली. बाई उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. मग आपल्या त्या आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "सर, ती ओळ खोडायला पाहिजे. त्या पदार्थात शिसं आहे. कांडी मी केली होती, चूक माझी आहे."

साहेबांची काठी पडद्यावर तशीच टेकलेली. संचालक घाईनं उठले, "याची चर्चा आपण व्याख्यानानंतर..."

"टाळ्या आत्ता वाजल्या," बाई म्हणाल्या. "तर खुलासाही आत्ताच."

आणि त्यांनी तो केला. सूक्ष्मदर्शकात काय दिसलं, गाळ कसा बसला, दुसऱ्या घरी जाऊन पुन्हा कसा बसला. फार वेळ घेतला नाही. माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "तपासणी यांनी केली." पाचशे डोळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण कसं कोण जाणे, मीही उभा राहिलो आणि म्हणालो, "होय, शिसंच आहे." माझं आयुष्यातलं सर्वांत छोटं आणि सर्वांत अवघड भाषण.

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या प्रयोगशाळेतला तो पदार्थ पुष्कळांनी बघितला आहे," ते म्हणाले.

बाई रांगेतून बाहेर आल्या, सरळ व्यासपीठाशी गेल्या आणि त्यांच्यासमोर काचेच्या दोन नळ्या ठेवल्या. एकीत जुन्या कांडीचा तुकडा, दुसरीत नवा, शुद्ध. "बघून कळत नाही, सर. थंड करा. आणि या वेळी चुंबकालाही विचारा."

साहेबांनी नळ्या उचलल्या नाहीत. व्याख्यान पुढे चालू केलं. पण शेवटी सगळे उठले तेव्हा मी पाहिलं, त्यांनी त्या हळूच कोटाच्या आतल्या खिशात टाकल्या.

आठवड्याच्या आत संस्थेनं कळवलं की प्रमुखाच्या जागेचा फेरविचार चालू आहे. ती जागा पुढे दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाली. बाईंनी ते मला व्हरांड्यातून जाता जाता सांगितलं, जसं काही प्रॅक्टिकलची वेळ बदलली. पण त्या दिवशी द्रव हवेचा रिकामा थर्मास हातात घेऊनच त्या वर्गावर गेल्या.

प्रिन्सिपॉलांनी त्यांना बोलावून घेतलं. परदेशी पाहुण्याचा भर सभेत अपमान झाला, कॉलेजचं नाव गेलं, लेखी माफी मागा. बाई म्हणाल्या, "पाहुण्यांनी मागितली तर त्यांच्याकडे मागेन. तुमचं मी काय बिघडवलंय?" मग प्रिन्सिपॉलांनी दुसरा उपाय काढला. कवायतीच्या तुकडीचं सामान ठेवायला जागा नाही, म्हणून मॅग्नेटची खोली त्यांना दिली. नोटीस लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं बंदुका घेऊन दारात.

"लोखंड बाहेर," बाई म्हणाल्या.

"बाई, प्रिन्सिपॉलसाहेबांची ऑर्डर आहे ना!"

"मग या. मी नाही म्हणाले का?"

आणि त्यांनी मॅग्नेटचं बटण दाबलं. पुढचा पोरगा दोन पावलं आत आला असेल नसेल, त्याच्या हातातली कवायतीची बंदूक जी मॅग्नेटकडे झेपावली, ती खाणकन जाऊन चिकटली. पोरगा बंदूक ओढतोय, दुसरा पोरगा त्याला ओढतोय. मागून प्रिन्सिपॉल धावत आले, त्यांच्या हातात कॉलेजच्या किल्ल्यांचा जुडगा. तो त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि उंबऱ्यावरच थांबले.

"बाई, बंद करा ते!"

"खोलीची ऑर्डर आधी बंद करा."

"हा उद्धटपणा आहे!"

"हे फिजिक्स आहे, सर. पहिल्या वर्षाचं."

सबंध कॉलेज व्हरांड्यात जमलं होतं. पोरं हसत होती, आमचा शिपाई तर भिंतीला टेकून डोळे पुसत होता. प्रिन्सिपॉलांनी दहा मिनिटं वाट पाहिली, मग म्हणाले की सामान तूर्त जिमखान्यात ठेवता येईल. बाईंनी बटण बंद केलं. बंदूक धपकन खाली पडली. त्यांनी ती उचलून पोराच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "लागलं नाही ना रे?"

पावसाळा उलटल्यावर विलायतेहून उत्तर आलं. साहेबांनी दोन्ही तुकडे थंड केले होते, दोन्ही परीक्षा घेतल्या होत्या. शुद्ध तुकड्यात काहीही सापडलं नाही. जुन्यात जे सापडलं ते शिशाच्या धाग्यांइतकंच. बाईंचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. साहेबांनी शोध मागे घेत असल्याचं एक टिपण मासिकासाठी लिहिलं होतं, आणि खाली 'एका पूर्वीच्या सहायिकेचे आभार' मानले होते.

बाई भडकल्या. इतक्या भडकलेल्या मी त्यांना मुलुंडची जागा गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. "शोधाला माझं नाव चाललं, आणि दुरुस्तीला मी सहायिका?"

"बाई, पण हे शोध मागे घेण्याचं टिपण आहे," मी म्हटलं. "त्यावर नाव नसलेलंच बरं नाही का?"

"का बरं? शोध लावताना मी बाटलीवर विश्वास ठेवला. हे काम मी शुद्धीत केलंय. माझं यापेक्षा चांगलं काम झालेलंच नाही." त्यांनी तसं साहेबांना लिहिलं. नाव पाहिजे, आधी पाहिजे, केमिस्टचंही पाहिजे, आणि पत्ता अंधेरीचा पाहिजे.

साहेब मोठा माणूस. त्यांनी सगळं मान्य केलं. ते टिपण छापून आलं तेव्हा त्यात बाईंचं नाव पहिलं, माझं दुसरं, त्यांचं तिसरं. खाली अंधेरी, बॉम्बे. आमच्या हिनं ते पान शेजारीपाजारी फिरवलं. 'काय शोध लावला?' असं कुणी विचारलं की ती ठसक्यात सांगायची, "लावलेला काढला."

पुढल्या वर्षी मुलुंडच्या संस्थेत हीलियमचं यंत्र एकदाचं बसलं. उद्घाटनाला सगळ्या कॉलेजांना आमंत्रण होतं. मला वाटलं, बाई जाणार नाहीत. त्या नवं इरकली लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी हजर. संचालकांनी पाहुण्यांना यंत्र दाखवलं, नव्या प्रमुखांची ओळख करून दिली. बाईंसमोर आल्यावर ते जरा घुटमळले, मग मनापासून म्हणाले, "बाई, खरं तर आज तुम्ही इथे असायला हव्या होतात."

"आहे ना. ही काय," बाई म्हणाल्या. त्यांनी कमरेची पितळी सुपारीची डबी काढून उघडली. आत कापसावर करड्या रंगाचा एक तुकडा होता. "हे नवं संयुग. यंत्र चालू आहेच, तर हे टाका."

नवे प्रमुख म्हणाले, त्यासाठी अर्ज करावा लागेल. विश्वस्त हारतुरे घेऊन ताटकळले होते. बाई डबी पुढे धरून उभ्या राहिल्या. शेवटी संचालकांनी स्वतः तो तुकडा उचलला.

"यातून काय निघेल?" त्यांनी विचारलं.

"मला ठाऊक असतं, तर एवढ्या लांब कशाला आले असते?"

भाषणं झाली, अल्पोपाहार झाला. पाहुणे पांगले, तरी बाई यंत्राजवळच्या लाकडी बाकावरून हलल्या नाहीत. संध्याकाळी संचालक हात पुसत बाहेर आले. चेहरा ओशाळलेला, जणू काही दोष त्यांचाच. "माफ करा बाई. काहीच नाही. वीजही नाही, चुंबकही नाही."

बाईंनी तुकडा परत घेतला, कापसावर ठेवला, डबीचं झाकण लावलं. "बरं. हे नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी दुसरा आणते."

आणू का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. संचालकांनी नव्या प्रमुखांकडे पाहिलं, प्रमुखांनी यंत्राकडे पाहिलं, आणि नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.